नातेवाईकांना बाहेर बोलावून

रविवार, १२ सप्टेंबर १९९३

नापास झाले. तोंडावर कोणी तसं म्हणालं नाही. इंग्लंडचे लोक ते, गोड हसून म्हणाले, "जानेवारीत पुन्हा अर्ज करा." पण मढवीच्या पोरीला नापास कळायला कोणी सांगावं लागत नाही.

काल मुंबईत मुलाखत होती. चार वर्षांचं ट्रेनिंग, पोटाच्या विकारांचं, तिथल्या हॉस्पिटलात पगारी नोकरी करत. एम.डी. होऊन मला दीड वर्ष झालं. आमच्या कोपरच्या आळीत माझ्याआधी कोणी बारावीच्या पुढे गेलेलं नाही, त्यामुळे मी पास होणार असं मी आधीच सगळ्यांना सांगून बसलेले. आता भोगा.

औषधांचे, तपासण्यांचे सगळे प्रश्न फटाफट सांगितले. शेवटी मुलाखत घेणाऱ्यांतल्या गोऱ्या बाईने विचारलं, साठीची पेशंट आहे, पोटात कॅन्सरची गाठ निघालीय, पेशंट आत आहे आणि मुलगा बाहेर बसलाय, तुम्ही काय कराल? मी म्हटलं, मुलाला बाजूला घेऊन सांगेन. आणि पेशंट बाईंना? त्यांना सांगेन अल्सर आहे, औषधाने सुकेल. त्यांनी सरळ विचारलं तर? तरी अल्सरच. गोऱ्या बाईने पेन खाली ठेवलं आणि शेजारच्या म्हाताऱ्याकडे बघितलं.

अगं बये, त्यात पेन खाली ठेवण्यासारखं काय आहे? अख्ख्या ठाणे जिल्ह्यात कुठला डॉक्टर याहून वेगळं करतो? आमच्या नर्सिंग होमाचे सुधीर सर पंचवीस वर्षं हेच करतायत. नातेवाईकांना बाहेर बोलावून सांगायचं आणि आत येऊन पेशंटशी क्रिकेटवर बोलायचं.

घरी येऊन सगळं सांगितलं. बाबा भाकरी कालवणात बुडवून बुडवून मऊ करत होता. म्हणाला, "मंग बरोबरच तं बोललीस. म्हाताऱ्या मानसाला घाबरवायचा कशाला?" रघुदादा म्हणाला, "जाऊदे गोदे, साहेबाला काय कळतंय आपल्यातलं." बाबाला विचारलं भाकरीचा असा लगदा का करतोस, तर म्हणे नवी कवळी टोचते. उद्या डेंटिस्टकडे जा म्हटलं.

जानेवारीत जाणार म्हणजे जाणार. पाठ करून जाईन, पण जाईन.

रविवार, ३ ऑक्टोबर

तीन आठवड्यांत वहीला हात लावला नाही. नर्सिंग होमात टायफॉइडची रांग लागलीय. आठवड्यातले चार दिवस मी तिथेच वरच्या खोलीत झोपते आणि घरी पाहुण्यासारखी येते.

सुधीर सरांना सांगितलं की मी जानेवारीत परत मुलाखत देणार. मला वाटलेलं चिडतील, कारण मी गेले की दुसरा निवासी डॉक्टर शोधायला त्यांना घाम फुटेल. तर म्हणाले, "जरूर द्या. आणि गोदावरी, अधूनमधून संध्याकाळी लवकर घरी जात जा. वडील कसे आहेत?" मी म्हटलं ठणठणीत. मला गोडीगुलाबीने थांबवायचा बेत दिसतोय. मी थांबणारी नाही.

सोमवार, १५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. बाबाने चकलीला हात लावला नाही, करंजीतलं नुसतं सारण खाल्लं. डेंटिस्टकडे अजून गेलेला नाही. मी ओरडले तर आई माझ्यावरच खेकसली, "त्याला त्याच्या मनासारका खाऊदे गो!"

तब्येत उतरलीय त्याची. मिठागरावर चाळीस वर्षं मुकादमी केलेला माणूस, खांद्यावर दोन-दोन पोती घेऊन बांधावरून चालायचा. आता सदरा हँगरला लावल्यासारखा दिसतो. मला कारण माहितीय. मी चाललेय ते त्याला नकोय. तोंडाने बोलत नाही, जेवणावर काढतो. तयारी कशी चाललीय म्हणून एकदाही विचारलं नाही त्याने. लहानपणी मी शाळेत नाटकात होते तेव्हा घरभर नाचलेला हा माणूस!

रुसायचं तर रुस म्हणावं. मीपण त्याचीच पोर आहे.

रविवार, २८ नोव्हेंबर

नवीन खूळ. आंबिवलीला जनाबाई आत्याच्या जमिनीची मोजणी चाललीय म्हणे. रघुदादा बाबाला घेऊन रोज सकाळी निघतो आणि दुपार टळल्यावर येतो. शनिवार-रविवार सुट्टी. मी म्हटलं, आत्याची जमीन आहे की अख्खा कल्याण तालुका? एवढी कसली मोजणी? दादा म्हणाला, "तलाठी रोज नवीन कागद मागतो." बाबा येतो तो आडवाच होतो. आत्याला स्वतःचे दोन मुलगे आहेत, त्यांना नाही का मोजता येत?

मी काही बोलले की घरात तिघंही एकमेकांकडे बघतात. माझ्या जाण्याविरुद्ध कट शिजतोय की काय देव जाणे.

तिकडच्या पद्धतीवरचं एक पुस्तक मिळवलंय. वाईट बातमी पेशंटलाच सांगायची. बसून सांगायची, उभ्याने नाही. हळू सांगायची आणि मग गप्प बसायचं. पेशंट विचारेल तेवढंच पुढे सांगायचं. शेवटी त्याला विचारायचं, तुम्हाला काय हवंय? हे शेवटचं वाचून मला हसूच आलं. आपल्याकडे पेशंटला काय हवं असतं? घरचे सांगतील ते!

रविवार, १२ डिसेंबर

आज घरी होते. म्हटलं प्रॅक्टिस करू, पण पेशंट हवा ना. आई तयार होईना म्हणून बाबालाच खुर्चीत बसवलं. गळ्यापर्यंत बटणं लावून वर मफलर गुंडाळून बसलेला, एवढी काय थंडी पडलेली नाही. मी समोर स्टूल घेतलं.

"बाबा, तू पेशंट, मी डॉक्टर. समज तुझा रिपोर्ट आलाय." मग आवाज खाली आणून पुस्तकातल्यासारखं म्हटलं, "बातमी चांगली नाही. गाठ आहे आणि ती कॅन्सरची आहे."

आईच्या हातातला डाव धाडकन खाली पडला. रघुदादा उठलाच. "गोदे, काय येडपणा लावलायस सकाळी सकाळी?"

"गप रे," बाबा म्हणाला. "बोलूदे तिला. मंग, डाक्टरीन?"

मी नियमाप्रमाणे गप्प बसले. त्याने विचारलं, "बरा होल का मी?"

"पूर्ण बरं होणं कठीण आहे. पण त्रास कमी करता येईल, नीट जेवता येईल असं करू."

"किती दिस?"

"नक्की कोणी सांगू शकत नाही. काही महिने. एखादं वर्ष."

बाबाने एकदा आईकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं. बेस सांगितलंस. समजला मना." आणि पाणी मागितलं. पाणीसुद्धा घोट-घोट करून प्यायला.

मी जाम खूश! बाबाने पेशंट झकास केला, दहापैकी नऊ मार्क. एक मार्क आईने घालवला, मागच्या दारी जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत डोळे पुसत होती. घरात अभद्र बोलू नये म्हणे. डॉक्टरच्या घरात काय आरत्या म्हणायच्या? दादा संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

शनिवार, २२ जानेवारी १९९४

झाली मुलाखत! यावेळी म्हातारा होता, बाई नव्हती. विचारलं, नातेवाईक हात जोडून म्हणाले पेशंटला सांगू नका, तर? मी ताडकन म्हटलं, पेशंट माझा आहे, नातेवाईक नाहीत. त्याच्या शरीराची बातमी आधी त्याची. म्हातारा खूश झाला.

खरं सांगू का? मला ते अजून पटलेलं नाही. पास व्हायचं होतं म्हणून बोलले. ही वही कोणी वाचत नाही म्हणून बरं.

घरीही बरं चाललंय. मोजणी संपली. बाबाचा रुसवा गेला, थोडी थोडी भाकरी खायला लागलाय. मी म्हणाले होते ना, माझ्यापुढे त्याचं चालत नाही.

बुधवार, ९ फेब्रुवारी

पत्र आलं! निवड झाली! २८ मार्चला हजर व्हायचं. आईने गावदेवीला नारळ फोडला. बाबाने पत्र उलटंसुलटं करून बघितलं, इंग्रजी एक अक्षर येत नाही त्याला, तरी दोन्ही बाजू बघितल्या. म्हणाला, "कवा निघायचा?" मी म्हटलं वीस मार्चला. बोटांवर काहीतरी मोजलं आणि पत्र परत माझ्या हातात दिलं. मला जरा बोचलंच. एकदा शाब्बास म्हणाला असता तर काय बिघडलं असतं?

शनिवार, ५ मार्च

आजच लिहून काढायला हवं.

दुपारी ओ.पी.डी.त कल्याणचे कुंडलिक म्हणून एक गृहस्थ आले, बायकोला अशक्तपणा म्हणून. माझं नाव पाटीवर वाचून म्हणाले, "तुम्ही कोपरच्या दामाजी मढवींच्या कोण?" मी म्हटलं मुलगी. माणूस एकदम खुलला. "मग बाबा कसे आहेत आता? मुंबईला हिच्या शेकाच्या वेळी रोज आमच्या पाठीच नंबर असायचा त्यांचा. सहा आठवडे एका बाकावर बसलो. फार धीराचा माणूस. घास उतरायला लागला का?"

शेक म्हणजे काय ते मला कोणी समजवायला नको. त्यांच्या बायकोच्या केसपेपरवर लिहिलेलंच होतं: कॅन्सर, रेडिएशन.

मी त्या बाईंना तपासलं, औषध लिहिलं, डोस सांगितला. मग सरांच्या खोलीत गेले. "सर, तुम्हाला माहीत होतं?"

सर चष्मा काढून पुसत बसले. "सप्टेंबरअखेरीस तुमचा भाऊ त्यांना घेऊन आला, तुम्ही रजेवर होतात. अन्ननलिकेचा आहे. मी भावाला बाहेर बोलावून सांगितलं, गोदावरी. दुसरं काय करणार होतो? वडिलांना अल्सर सांगितलाय. आणि वडिलांनी माझा हात धरून एकच मागितलं, मी हॉस्पिटलात जातोय हे पोरीला कळू देऊ नका, ती जायची थांबेल."

भाकरीचा लगदा. उतरलेली तब्येत. मफलर, म्हणजे शेकाने काळी पडलेली कातडी. पहिल्या वर्षाच्या पोरालाही निदान झालं असतं. आणि मी म्हणे रुसलाय! पोटाच्या विकारांची तज्ज्ञ व्हायला निघालेली मी! थू माझ्या डिग्रीवर.

घरी येऊन दादाला अंगणातच धरला. काय वाट्टेल ते बोलले. मग त्याचाही बांध फुटला. "काय करायला पायजे होतं मी? डॉक्टरने मला सांगितलं, बाबाला नाय सांगायचं. बाबाने सांगितलं, तुला नाय सांगायचं. आई रोज रडते, तिला सांगायचं कोनाला सांगू नको. पाच महिने मी एकटा तोंड दाबून फिरतोय, गोदे!" आणि माझा हा आडदांड भाऊ तिथेच पायरीवर बसून रडला. मग मीपण बसले त्याच्या शेजारी.

रविवार, ६ मार्च

सकाळी बाबा ओटीवर जाळं विणत बसलेला. मी समोर बसले.  पुस्तकात हे लिहिलेलं नाही, की समोर आपला बाप असेल तर काय करायचं.

"बाबा, मला सगळं कळलंय. तुला अल्सर नाहीये."

"म्हाईत हाय."

"कोणी सांगितलं?"

"तूच तं सांगितलंस. त्या दिवशी, स्टुलावर बसून." त्याने सुई बाजूला ठेवली. "समदे मना अल्सर अल्सर करीत व्हते. तू गाठ बोललीस आन तुझ्या आयसच्या हातातला डाव पडला, तवाच मना कलला."

"बाबा, मी खोटं खोटं बोलत होते रे! प्रॅक्टिस होती ती!"

"असूदे. तू बेस सांगितलंस. त्या दिवसापासना मना झोप लागाया लागली."

मी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. एम.डी. मेडिसिन, वय एकोणतीस. त्याने माझ्या केसांतून हात फिरवला, जाळ्याचा वास येत होता हाताला. मग मी नाक पुसलं आणि ठरवलं की आता तरी डॉक्टर व्हायचं. विचारलं, "बाबा, तुला काय हवंय?"

मला माहीत होतं तो काय म्हणणार. "जा" म्हणणार. आणि मी कसं नाही म्हणायचं त्याची सगळी वाक्यं तयार होती माझ्याकडे.

बाबाने सुई पुन्हा उचलली. आजवर कोणी त्याला हे विचारलं असेल का, कोण जाणे. मग खाली मान घालून, चोरी पकडल्यासारखा म्हणाला, "होलीपर्यंत ऱ्हा."

"होळीपर्यंतच कशाला? मी जातच नाही!"

"इचारलंस ना काय पायजे? मंग आयक. होली आपल्या आलीत येकत्र करायची. मंग जायाचा. मी तुला बोलणार नव्हतो, तुझी तारीक वीस. आता इचारलंस म्हनून बोललो."

होळी सत्तावीसला. सात दिवस. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाने मागून मागून जास्तीचे सात दिवस मागितले, आणि तेही लाजून. आणि मी त्याला रुसका म्हणत होते.

बुधवार, ९ मार्च

इंग्लंडच्या हॉस्पिटलला फॅक्स केला. खोटं कारण लिहिणार होते, व्हिसाला उशीर वगैरे. मग खोडलं आणि खरं लिहिलं: वडिलांना कॅन्सर आहे, त्यांनी माझ्याकडे होळीपर्यंतचा वेळ मागितलाय, मी सहा एप्रिलला हजर होईन. जागा गेली तर गेली. तिसऱ्यांदा मुलाखत देईन. चौथ्यांदा देईन.

शनिवार, १२ मार्च

उत्तर आलं. दोनच ओळी. सहा एप्रिल चालेल, वडिलांना नमस्कार सांगा. सांगितला. बाबा म्हणाला, "गोरा मानूस बरा दिसतोय."

बुधवार, २३ मार्च

नर्सिंग होम सोडलं. सरांनी पेन दिलं, मी पाया पडले. राग आहे अजून, पण पंचवीस वर्षं त्यांनाही कोणी वेगळं शिकवलेलं नाही.

घरात आता कामाला लागलेय. दादाला आणि आईला समोर बसवून शिकवलं: घास अडकला तर काय करायचं, पेज किती पातळ, दुखण्याचं औषध घड्याळ बघून द्यायचं, दुखायची वाट बघायची नाही. आईला घड्याळ कळत नाही, मग तिने स्वतःच तोड काढली: पहिला डोस चूल पेटवताना, दुसरा कोंबड्यांना दाणे टाकताना. सगळं बाबाच्या देखत. काही विचारायचं तर त्यालाच विचारायचं, बाहेर जाऊन नाही. पहिल्या दिवशी तिघांनाही अवघड गेलं. आज बाबा स्वतः आईला म्हणाला, "मी गेलो का माझी कवली सोनाराला देऊ नको, त्याच्यात सोना नाय." आई आधी चिडली, मग इतकी हसली की तिला ठसका लागला.

इंग्लंडहून आले की असंच करणार. ओ.पी.डी.च्या बाहेर कोणाला बोलावणार नाही. आता पटलंय.

रविवार, २७ मार्च

होळी. आळीतल्या सगळ्यांनी मिळून लाकडं रचली. बाबाने नवा सदरा घातला, वरची दोन बटणं उघडी ठेवून. काळी कातडी लोकांना दिसली, काहींनी विचारलं, त्याने सांगितलं. बायकांनी फेर धरला, मीपण नाचले, पाय दुखेपर्यंत. पुरणपोळी दुधात कुस्करून त्याने दीड खाल्ली. मी मोजली.

रविवार, ३ एप्रिल, सहार विमानतळ

निघायच्या आधी बाबाच्या खोलीत गेले. दार लोटलं आणि शेजारी बसले, बसूनच. म्हटलं, "बाबा, काही विचारायचं राहिलंय का तुझं?" मला वाटलं औषधाचं विचारेल, दुखण्याचं विचारेल.

तो म्हणाला, "तुला भ्या वाटतं का गो?"

मी आयुष्यात कधी या प्रश्नाला हो म्हटलेलं नाही. बारावीला नाही, पहिलं प्रेत फाडताना नाही. मढवीची पोर घाबरत नाही. तोंडावर "छ्या" आलंच होतं.

"हो," मी म्हटलं. "खूप."

बाबाने माझा हात धरला.

"मना पन," तो म्हणाला.

 बाहेरून दादाने हाक मारली, गाडी आली होती. बाबाने हात सोडला आणि मी उठले.